निराधार, पण शिकते

७ जुलै, सोमवार

डी.एड.चं दुसरं वर्ष सुरू. सकाळची पॅसेंजर वेळेवर. आरू झोपेत होती, तशीच उचलून आत्याबाईंच्या पांघरुणात सरकवली. चार वर्षांची झाली, अजून माझा पदर मुठीत धरून झोपते. मूठ सोडवण्यात रोज उशीर.

स्टेशनच्या अलीकडे बाभळीच्या आडोशाला थांबून पिशवीतलं मंगळसूत्र गळ्यात घातलं. खोटंच आहे, जत्रेतलं. गेल्या वर्षी आत्याबाईंनीच दिलं. चितळी स्टेशनला चढणारा एक माणूस रोज समोर येऊन बसायचा. "मालक काय करतात?" "एकट्याच जाता का?" सासूला असलं कसं सांगावं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्याशेजारी हे ठेवलेलं. "गाडीपुरतं घाल. शिवंच्या आत न्हाई." आरूचे पप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आता तीन.

मधल्या सुट्टीत रूथ म्हणाली, "रेखा, तुला निराधार योजनेचा पगार चालू आहे ना गं? जपून. माझ्या मावसबहिणीचा बंद केला. पूर्णवेळ कॉलेजला जाणाऱ्याला नसतो म्हणे. मागचा घेतलेलासुद्धा परत मागितला."

रूथ श्रीरामपूरची, माझ्या बाकावरची. थट्टेखोर आहे, पण ही थट्टा नव्हती.

डबा उघडला होता, तसाच मिटला. गेलं वर्षभर कॉलेज करत मी तो पगार घेतलाय.

९ जुलै

झोप नीट नाही. पाठाचं टाचण काढताना दोनदा तारीख चुकली.

माझा बाप, बापू, सांगायचा, दिवसाचं लिहिताना घडलं ते आधी, वाटलं ते खाली वेगळं. दोन्हींचा काला करायचा नाही. मला अक्षर त्यानंच शिकवलं. पाथर्डीहून ऊसतोडीला यायचो तेव्हा शाळा सहा महिने सुटायची. पाचटाच्या कोपीच्या दाराशी बैलगाडीची फळी उभी करून तिच्यावर खडूनं धडे. बापू स्वतः सातवी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर फळी पुसून पुन्हा लिहायला लावायचा, अंधार पडला तरी.

त्याचं आणखी एक. मुकादमानं हिशेबात चुकून जास्त मोळ्या मांडल्या तर बापू सांगून कमी करून घ्यायचा. आई फडात डोकं धरून बसायची. "त्यो चुकला त्याला तू काय करणार? तुला कुणी इचारलं का?" बापू म्हणायचा, "पोरगी बघतीया."

मी बघत होते, हीच अडचण आहे.

घडलं: काही नाही. वाटलं: सगळे त्याला पगार म्हणतात. पगार कशाचा? काम काय करते मी? विधवा असण्याचं?

१२ जुलै, शनिवार

विचारून तरी बघावं म्हणून गावातल्या सेवा केंद्रात गेले. तिथला पोरगा प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत होता.

"ताई, शिकू नये असं कुठं लिहिलंय?"

"मला माहीत नाही, म्हणून तर विचारते."

"मला पण माहीत न्हाई. म्हणजे लिहिलेलं नसंल. गप राहा ना."

तिथून ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक चहा घेत होते. म्हणाले, निराधार म्हणजे ज्याला आधार नाही तो. जो कॉलेजला जातो त्याला कुठला तरी आधार आहे असं धरतात. जरा थांबून म्हणाले, "धरतात म्हणजे, धरू शकतात."

घरी आत्याबाई चिडल्या. "तुला कुनी इच्यारलं का? मग तू कशाला सांगत फिरतीस गावभर?"

आईचंच वाक्य. बाई वेगळी, गाव वेगळं.

२१ जुलै, सोमवार

तास बुडवून राहात्याला तहसीलला गेले. खिडकीवरच्या साहेबांनी नाव, गाव विचारलं. मी म्हटलं, "मला फक्त विचारायचंय." त्यांनी चष्मा काढला. फक्त विचारायला येणारं माणूस त्यांच्याकडं कमी येत असावं.

"शिकता म्हणजे कमवत नाही. कमाई नाही म्हणजे उत्पन्न नाही. मग चालतंय की."

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मान वर केली. "कसं चालेल? पूर्णवेळ विद्यार्थी तो विद्यार्थी. त्यांना शिष्यवृत्ती असते."

"तुम्हाला आहे का शिष्यवृत्ती?" मॅडमनीच विचारलं.

"नाही. शिक्षणात मोठा खंड पडला म्हणून बसत नाही, असं कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं."

"खंड का पडला?"

"लग्न झालं. मग मुलगी. मग हे गेले."

मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही निराधारमध्येच बसता." आणि आपण आत्ता उलटं बोललो होतो हे लक्षात येऊन फाईल चाळायला लागल्या.

साहेबांनी आवाज खाली आणला. "लेखी पाहिजे तर अर्ज करा. पण अर्ज केला की विषय निघतो. निघालेला विषय कुठं जाईल ते आमच्या हातात नसतं. बघा. लहान मुलगी आहे म्हणता."

अर्ज केला नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून स्वतःवर चिडत होते. बापूनं केला असता.

२४ जुलै

पगारावर चाललंय ते: गाडीचा पास. सराव पाठांचं साहित्य, तक्ते, फ्लॅश कार्डं. आरूचं दूध, तिचा दवाखाना. घरची जमीन थोडी, ती वाट्यानं दिलेली, त्यात आम्हा तिघींचं खाणं निघतं. पगार बंद झाला तर खाऊ. शिकणार नाही. एवढं सरळ आहे.

आज गाडीत सोपानभाऊजी दिसले. शेजारच्या घरातले, नात्यानं चुलत दीर. श्रीरामपूरच्या मार्केटला चालले होते. माझ्याकडं पाहिलं, मग गळ्याकडं, मग खिडकीबाहेर. मी पदर ओढून घेतला. घ्यायला नको होता. लपवल्यासारखं झालं.

२९ जुलै, नागपंचमी

सुट्टी. बायका झोक्यावर. मी लांब उभी होते, तर कमलनं हात धरून ओढलं. "ये गं, झोका काय नवरा मेला का त्यानं टाकलं ते इच्यारीत न्हाई."

कमल सोपानभाऊजींची बहीण. नवऱ्यानं सोडलं तेव्हापासून माहेरीच. शेतावर जाते, भावाचं घर सांभाळते. तिनंही पगारासाठी कागद दिले होते, परत आले.

"काय म्हणाले?"

"नवऱ्यानं टाकल्याचा पुरावा आना म्हनले. आता टाकताना त्यानं काय पावती दिली व्हती?"

बायका हसल्या. ती सगळ्यांत जास्त हसली. झोका वर गेला तेव्हा मी डोळे मिटले.

वाटलं: तिला नाही, मला आहे. आणि मी वर शिकतेय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

थोडक्यात लिहिते.

झेंडावंदन, मग ग्रामसभा. आमच्याकडे निराधारची यादी वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचतात. कुणी वारलं असेल, कुणाचं लग्न झालं असेल, तर लोकांनी सांगायचं. तलाठी भाऊसाहेब वाचत होते. माझं नाव आलं. पुढचं नाव घेणार तोच सोपानभाऊजी उठले.

"हिचं तपासा. ही लगीन करून बसलीया. गाडीत गळ्यात मनी असत्यात. म्या सोता पाह्यलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. गळा मोकळा होता.

भाऊसाहेब: "ताई, पुनर्विवाह केलाय का?"

"नाही."

"मग हे म्हणतात ते?"

"गाडीत घालते. कुणी त्रास देऊ नये म्हणून."

मागून कुणीतरी: "गाडीत सवाष्ण, गावात निराधार! सोय हाय बाबा!"

हसले. पुष्कळ जण हसले. मीही त्यांच्या जागी असते तर कदाचित हसले असते, वाक्य तसं होतं.

मी आत्याबाईंकडं पाहिलं. बायकांच्या रांगेत पुढंच बसल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. "मनी म्या दिले." त्यांनी पदर डोक्यावर पुढं ओढला आणि खाली बघत राहिल्या.

सोपानभाऊजी बसता बसता म्हणाले, "आमच्या कमलला न्हाई, आन् हिला..." पुढचं पुरं केलं नाही.

भाऊसाहेब म्हणाले, आक्षेप आलाय, चौकशी लावावी लागेल.

आरूला तिथं मिळालेली जिलेबी तिनं माझ्यासाठी मुठीत आणली होती. पाक कोपरापर्यंत.

१६ ऑगस्ट

संध्याकाळी भाकरी थापताना आत्याबाई, माझ्याकडं न बघता:

"मी काय बोलनार हुते? माझा लेक गेला आन् मीच सुनंच्या हातात मनी दिले, आसं सांगू चार मानसांत? लोक म्हनतील, म्हातारीला लेकाचं सुतक बी उरलं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

१८ ऑगस्ट, सोमवार

मणी न घालता गेले. चितळीला डब्यात कारखान्याच्या मळीचा वास शिरला आणि त्याच्याबरोबर तो माणूस. बऱ्याच दिवसांनी. गळ्याकडं पाहिलं आणि समोर बसला. "आज मालकांशी भांडण का?" एका म्हातारीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, श्रीरामपूरपर्यंत उभीच.

रूथला सगळं सांगितलं. तिनं बोट पुढं केलं. पितळेची अंगठी. "आमच्यात ही चालते. लग्नाचाच पत्ता नाही, बाजारातून मीच घेतली. गर्दीत कोपरापेक्षा बरी टोचते." मला हसू आलं. मग रडू आलं. तासाला उशीर झाला.

२० ऑगस्ट

पुन्हा घातले. बाभळीपाशी इकडं तिकडं बघून. आता खरंच चोरी केल्यासारखं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. आज कमल घरी आली, पुरणपोळी घेऊन. दारातच उभी.

"दादानं केलं ते मला म्हाईत न्हवतं गं. माझ्यासाटी केलं म्हनतोय. मी काय त्याला सांगाय गेल्ते का?"

आत बोलावलं. मनात होतं ते विचारलंच. मी माझा पगार सोडला तर?

ती माझ्याकडं बघत राहिली. "तू सोडलास म्हनून मला मिळनार हाय का?"

"नाही. तसं नसतं. जागा ठरलेल्या नसतात. भाऊसाहेबांना विचारलं मी."

"मग सोडून काय? माझ्याबरूबर शेतावर येनार हाईस खुरपायला? ये. दोघी मिळून दादाच्या बायकूच्या शिव्या खाऊ."

जाताना आरूचा गालगुच्चा घेतला. पुरणपोळी अजून मऊ होती. वाटलं: माझ्या प्रामाणिकपणाचा तिला काडीचा उपयोग नाही. मग तो कोणासाठी आहे?

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीची सुट्टी, तरी कॉलेजातून फोन. परवा, सोमवारी, परीक्षेचा पाठ. श्रीरामपुरातल्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर. बाहेरून परीक्षक येणार.

दुपारी कोतवाल निरोप घेऊन आले. तलाठी भाऊसाहेब चौकशीला सोमवारी सकाळी घरी येणार. बाईनं घरी हजर राहावं.

दोन्ही सोमवारीच.

कॉलेजच्या मॅडमना फोन केला. पाठ पुढं ढकलता येईल का? त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "ढकलला तर पुढच्या सत्रात जाईल, रेखा. हजेरीही काठावर आहे तुझी. मला वाटतं म्हणून काही करता येत नाही."

भाऊसाहेबांना फोन. त्यांनी उचलला नाही. ग्रामसेवकांना केला. "सोमवारीच येणार ते. मग दुसऱ्या गावांना गेले की महिनाभर इकडं नाहीत."

आत्याबाईंचं ठरलेलं. "घरी ऱ्हा. जुनी साडी नेस. भाऊसायब आलं की भाकरी थापताना दिसली पायजे. निराधार बाई दिसाय नको का निराधार?"

सेवा केंद्रातला पोरगा दारावरून चालला होता, त्यानं बाहेरूनच भर घातली. "जबाबात व्यवसाय विचारतील ताई. घरकाम सांगा. सगळ्या बायका घरकामच सांगतात. खोटं पण न्हाई ते."

खोटं नाही हे खरंच. तोच त्रास आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

दिवसभर मनात दोन्ही बाजू. घरी थांबले तर पगार राहील आणि ज्याच्यासाठी तो लागतो तेच जाईल. गेले तर भाऊसाहेबांना घर रिकामं दिसेल. बाई घरी नाही, सकाळीच कुठंतरी गेली. सोपानभाऊजी म्हणाले तसंच.

शेवटी जबाब माझ्या हातानं लिहिला, आत्याबाईंजवळ ठेवायला. साधा. मी विधवा आहे. पुनर्विवाह केलेला नाही. श्रीरामपूरला पूर्णवेळ शिकते. त्यामुळे आज घरी नाही. प्रवासात लोकांचा त्रास होऊ नये म्हणून गळ्यात खोटे मंगळसूत्र घालते. शिकत असल्याने मला अनुदान बसते की नाही हे मला माहीत नाही. बसत नसल्यास कळवावे.

"शिकते" खोडलं. परत लिहिलं. कागद घाण झाला म्हणून सगळा नवा उतरवला. बापूची फळी आठवली.

आत्याबाई म्हणाल्या, वाचून दाखव. दाखवला. शेवटच्या वाक्याला कपाळावर हात मारला. "कळवावं! आपून होऊन सांगतीया, माझं नरडं दाबा!" मग थोड्या वेळानं:

"मनी कुनी दिलं ते का न्हाई लिव्हलंस?"

"तुम्हाला नको होतं म्हणून."

त्या आरूला भरवत बसल्या. तिचं पोट भरलं होतं तरी भरवत होत्या.

१ सप्टेंबर, सोमवार

आधी पाठाचं, नाहीतर दुसऱ्यात मिसळेल.

परिसर अभ्यास, घरातली माणसं आणि त्यांची कामं. तक्ता लावला. मुलं भराभर सांगत होती. बाबा ड्रायव्हर, मामा कारखान्यात. एक मुलगी: "माझी आई काहीच करत नाही. घरीच असते." मी विचारलं, मग सकाळी डबा कोण करतं, पाणी कोण भरतं? सगळे ओरडले, "आई!" टाचणात होतं तसंच चाललं होतं.

मग पुढच्या बाकावरून: "बाई, तुम्ही काय काम करता?"

"मी शिकते."

"शिकणं काम असतं का?"

टाचणात हे नव्हतं. परीक्षक मागं पेन धरून. मी फळ्याकडं वळले, परत मुलांकडं वळले. म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तो विचार करून म्हणाला, "दमायला होतं का तुम्हाला?"

"होतं."

"मग असेल."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. काय ते कळलं नाही. पाठ बरा झाला असं मॅडम म्हणाल्या.

आता घरचं. आत्याबाईंनी सांगितलं तसं, मध्ये कमलनं भर घातली तसं.

भाऊसाहेब आले. आत्याबाईंनी जबाब दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "बाई कुठंय?" आत्याबाईंना मी ओळखते असं कालपर्यंत समजत होते. म्हणाल्या, "शिकाया गेली. मास्तरीन व्हनार हाय. आन् मनी म्या दिल्यात. माझ्या सुनंला गाडीत कोन काय बोलल ते मी घरी बसून आयकू का? लिव्हा. माझं नाव लिव्हा. सखूबाई."

भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही घरच्या, बाहेरचा पंच लागेल. तर आत्याबाईंनी कुंपणावरून हाक मारली सोपानभाऊजींना. तेच पंच.

"ये रं. तू पाह्यलंस ना? सांग, गाडीत कुनासंगट हुती?"

"एकलीच हुती."

"गाडीतनं उतरून कुठं गेली?"

मागून कमल म्हणाली, "दादा, सांग ना. तू मागं मागं गेल्तास की बघायला."

शेवटी बोलले. श्रीरामपूरला उतरून ती सरळ कॉलेजात गेली. फाटकातून आत जाताना बघितली. हातात तक्त्याची गुंडाळी होती. एकदा नाही, दोनदा बघितली.

भाऊसाहेबांनी ते लिहिलं. सोपानभाऊजींनी सही केली. लग्नाचा आक्षेप मिटला, म्हणाले.

आत्याबाई हे सांगताना पहिल्यांदा हसल्या. मग हसू ओसरलं. कारण भाऊसाहेब उठता उठता म्हणाले होते, "पण मावशी, आता एक झालं. लग्न केलं नाही हे सिद्ध झालं ते ती रोज कॉलेजला जाते म्हणून. म्हणजे पूर्णवेळ शिकते हे कागदावर आलं, पंचाच्या सहीनं. ते चालतं का नाही, मला सांगता येत नाही. वरून मार्गदर्शन मागवतो."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, मागवा. च्या पिऊन जा."

२ सप्टेंबर

सकाळी सोपानभाऊजी नळावर भेटले. हंडा बाजूला घेऊन मला आधी भरू दिलं. नजर वर नाही. पाणी भरून निघाले तेव्हा म्हणाले, "वहिनी, कमलच्या अर्जाला काय काय लागतं, तेवढं बघता का?"

मी हो म्हटलं. हंडा नेहमीपेक्षा हिंदकळला.

६ सप्टेंबर, शनिवार

कमलला घेऊन ग्रामपंचायतीत. तिचा नवरा कुठं राहतो, दुसरं घर केलंय का, पोलीस पाटलांचा दाखला मिळेल का. एक एक विचारून लिहून घेतलं. पाटील म्हणाले, बघू. कमल म्हणाली, "इतकी वर्सं मीच बघतीय, आता तुमी बघा." ते जरा नरमले.

घरी येताना तिनं विचारलं, "तुला सोताचं कळलं का काय?"

"नाही."

"मग माझं कसं करतीस?"

"तुझं मला नीट कळतं."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घडलं: गावात बहुतेकांचा पगार जमा झाला. आत्याबाईंच्या ओळखीच्या दोघी बँकेतून येताना दारात थांबून सांगून गेल्या. माझा नाही. राहात्याला फोन केला. साहेबांनी आवाज ओळखला. "बंद नाही केला ताई. चालूही नाही म्हणता येणार. मार्गदर्शन आलं की कळवू." शेजारच्या मॅडम मागून काहीतरी म्हणाल्या, ऐकू आलं नाही.

सकाळी आत्याबाई आरूला कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत आल्या. बाभळीपाशी मी सवयीनं थांबले. त्या म्हणाल्या, "आडोसा कशाला? हितंच घाल. समद्यांनी लिव्हून दिलंय." आरूला खाली उतरवलं आणि मागं येऊन स्वतः फासा अडकवला. फासा लागेना. प्लॅटफॉर्मवर माणसं बघत होती. बघू दिलं.

चितळीला तो माणूस चढला. लांब बसला.

वाटलं: महिनाअखेरीस पास संपतो. त्याच्या आत उत्तर आलं पाहिजे. नकार आला तरी चालेल, निदान खरं काय ते कळेल, असं लिहिलं होतं.

खोडलं. चालणार नाही.